बोलणाऱ्याच्या तोंडात थर्मामीटर

ताप बायकोला असला, तरी आमचे इंगळे कंपाउंडर थर्मामीटर आधी नवऱ्याच्या तोंडात घालत. मेहकर तालुक्यातल्या लहानशा सरकारी दवाखान्यात मी केसपेपर लिहायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि हा माणूस थोडा सरकलेला आहे, असं मनाशी ठरवून टाकलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. इंगळेभाऊ पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे. धोतरावर खाकी कोट, कोटाला कायम कार्बोलिकचा वास. बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवताना जीभ बाहेर काढायचे, आणि ती बाटली आजारी बाईच्याच हातात द्यायचे. नवऱ्याने हात पुढे केला, तर त्या हातावर नुसतं बूच ठेवत.

त्या काळी पुरुष आजारी पडला की स्टुलावर ऐसपैस बसून शेंडीपासून नखापर्यंतचं सगळं सांगायचा आणि चार दिवस खाटेवर पडून राहायचा. बाई दाराशी उभी राहायची. तिचं दुखणं नवरा सांगायचा, नाहीतर सासू. आणि तिला संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी घरी न्यायचं असायचं. यावर इंगळेभाऊंचं एकच वाक्य होतं : "ज्याचं दुखणं, त्याची जीभ."

एका बुधवारी जानेफळकडचा महादेव नावाचा शेतकरी बैलगाडीतून बायकोला घेऊन आला. तिचं नाव कौसल्या. हिला अजीर्ण झालंय, पोट दुखतं, गोळी द्या म्हणजे कापूस वेचणीला मोकळी होईल, असं त्याने दारातूनच सांगितलं. इंगळेभाऊंनी त्याला प्रेमाने बाकावर बसवलं, तोंडात थर्मामीटर ठेवला आणि बजावलं, "हालू नका. काच फुटली तर पारा पोटात जाते."

महादेव डोळे वटारून गप्प बसला. इंगळेभाऊ बाईकडे पाठ करून बाटल्या विसळू लागले आणि विसळता विसळताच त्यांनी विचारलं, "बाई, कवापासून?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बोलू शकत नव्हता. मग ती हळूहळू सांगू लागली. दुखणं पोटाचं नव्हतंच. आडवं पडलं की दम कोंडायचा, म्हणून दोन महिने ती भिंतीला टेकून झोपत होती. पाय सुजत होते. मी भराभर लिहून घेतलं. आतल्या खोलीतल्या डॉक्टरांनी तो कागद वाचून तिच्या छातीला बराच वेळ नळी लावली आणि दुखणं हृदयाचं आहे, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, म्हणून सांगितलं.

महादेवाच्या तोंडातला थर्मामीटर काढला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मले तं हे काहीच मालूम नोयतं."

तिला अकोल्याला पाठवलं. महादेव दर आठवड्याला स्वतः थापलेल्या, कडेने करपलेल्या भाकरी घेऊन तिकडे जायचा. दीड-दोन महिन्यांनी दोघं आमच्याकडे औषधाला आली. कौसल्या स्टुलावर बसली. महादेव तिच्यामागे उभा राहिला. कसं वाटतं, हे तिनेच सांगितलं.

त्याच आठवड्यात एक कागद द्यायला मी इंगळेभाऊंच्या घरी गेलो. ओट्यावर त्यांची बायको लसूण सोलत होती, इंगळेभाऊही शेजारी बसून सोलत होते. कौसल्या बरी झाली, यावर मी त्यांचं कौतुक केलं. त्यांनी हातातली पाकळी वाटीत टाकली आणि बायकोकडे पाहिलं.

"हे पोटुशी होती, तवाची गोष्ट," ते म्हणाले. "डॉक्टरनं हिले विचारलं, अन् मीच बोलत राह्यलो. कंपाउंडर ना मी. सगळं ठीक हाय म्हणलं. पोरगी गेली. हे वाचली."

त्यांच्या बायकोने मान वर केली नाही. सोललेल्या पाकळ्या तेवढ्या त्यांच्या वाटीत सरकवल्या.

मी उठलो. मागे इंगळेभाऊंनी तिला विचारलं, आज कसं वाटून राह्यलं. ती म्हणाली, बरं हाय. ते हलले नाहीत, दुसरं काही विचारलंही नाही. मी फाटकाची कडी लावेपर्यंत ओट्यावर शांतता होती.

"गुडघा दुखते थोडा," ती म्हणाली.

इंगळेभाऊ धोतर सावरत तेल गरम करायला उठले.