तापीअक्का हत्तीवर बसते

आमच्या भडगावची तापीअक्का माणसांना अरे-तुरे करायची आणि जनावरांना अहो-जाहो. यात तिची कधी गल्लत झाली नाही. बैल गोठ्याच्या दारात आडवा उभा असला, तर "सरका भाऊ, जरा सरका," म्हणून ती अदबीनं वाट मागे. एकदा मामलेदार घोड्यावरून पाहणीला आले. सारं गाव हात जोडून उभं, आणि ही पुढे होऊन म्हणाली, "काय रे पोऱ्या, जेवना का?" मामलेदारांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तोवर अक्का घोड्याकडे वळली होती. "तुम्ही पानी पिनात का?" घोड्यापुढे बादली आली. मामलेदारांना कुणी पाणी विचारल्याचं मला आठवत नाही.

कुणी हटकलं, की तिचं उत्तर ठरलेलं. "तुनं काय जास?" म्हणजे, तुझं काय जातं? हे ती अशा काही ठसक्यात विचारायची, की समोरचा खरोखरच आपलं काय जातं ते शोधू लागे आणि काहीच सापडलं नाही, की गप्प बसे.

अक्का विधवा होती. लग्न लागलं तेव्हा तिला परकरही नीट सावरता येत नव्हता. पुढे गावात पटकी आली, त्यात नवरा गेला, तेव्हा ती अजून माहेरीच होती. सासरचा उंबरा ओलांडला तो विधवा म्हणूनच. पाटलाचं घर, तिथे दुसऱ्या लग्नाचं नाव कोण काढणार? गोठा तिच्या हाती आला आणि रांगता दीर तिच्या कडेवर आला. तो दीर म्हणजे आमचे सुकलालनाना. यथावकाश नानांना मिशा आल्या, घराचा कारभार आला, गावात दरारा आला. पण अक्का चारचौघांतही त्यांना "अरे सुक्या" अशीच हाक मारायची. नाना मिशीतल्या मिशीत चरफडत.

पोळ्याला बैलांना ओवाळायचा मान सवाशिणीचा. एका वर्षी नानांच्या बायकोला ताप भरला. ताट कुणी घ्यायचं यावर ओसरीवर खल चालला होता, तेवढ्यात अक्का ताट घेऊन गोठ्यात शिरलीसुद्धा. जोशीबुवा ओरडले, "अक्का, अपशकुन होईल!"

"वरीसभर यासनं शेण मी काढस," अक्का आतून म्हणाली, "तव्हय तुना अपशकुन कोठे जास?"

बैलांनी तिच्या हातची पुरणपोळी निमूटपणे खाल्ली. त्यांना काही झालं नाही. नाना मात्र दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मग नानांच्या डोळ्यांत पडदा आला. मुंबईच्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि मला इंग्रजी येतं असा आमच्या आळीचा समज होता, म्हणून मला बरोबर घेतलं. नानांना बाहेरचं अन्न चालत नसे, म्हणून रांधायला अक्का. कजगावला आम्ही गाडीत बसलो आणि मुंबईत लालबागला माझ्या मामांच्या खोलीत उतरलो.

डॉक्टरनं तपासून पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. खोलीत बसून नाना कंटाळले. मामा म्हणाले, "राणीचा बाग जवळच आहे. जनावरं बघून या."

माणसांची मुंबई अक्कानं आतापर्यंत एका शब्दात निकालात काढली होती: "गर्दी." बागेत मात्र ती हरखली. पिंजऱ्या-पिंजऱ्यापुढे थांबून विचारपूस करू लागली. वाघ येरझाऱ्या घालत होता. अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुम्ही कोनता गावना?" वाघानं उत्तर दिलं नाही. ती मला हळूच म्हणाली, "आपला सातपुडानाच दिखतस." अस्वलाला तिनं, अंगावर इतके केस घेऊन या उकाड्यात कसं निभावता, असं विचारलं. नाना डोळे बारीक करकरून पाहत होते. काळवीट पाहून त्यांनी "बकरी चांगली पोसली आहे" असा शेरा मारला.

आणि मग हत्ती आला. पाठीवर लाकडी बाकडं बांधलेलं, मानेवर माहूत, बाजूला चढायला शिडी. माणसांना बसवून तो बागेतून फेरी मारून आणत होता. अक्का बराच वेळ बघत राहिली.

"मी बठसू," ती म्हणाली.

नाना हसले. ती थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. पण अक्का शिडीकडे चालू लागली, तसे ते तिच्यापुढे आडवे झाले.

"अक्का, येडी व्हयनी का? तुले शोभस का हाई? मना दादा नही, कपायले कुंकू नही, आन हत्तीवर बठस? मिरवाले निंघनी का तू?"

"तुनं काय जास?"

"मनी अब्रू जास!" नाना इतक्या मोठ्यानं ओरडले, की माकडांच्या पिंजऱ्यापुढची गर्दी आमच्याकडे वळली. "याद ठेव. हत्तीवर बठनी, तर मना घरमा पाय ठेवू देवाव नई."

अक्का थांबली. मला वाटलं, आता ती परत फिरणार. जन्मभर त्या घराखेरीज तिला दुसरं छप्पर नव्हतं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. नानांनी मनात आणलं असतं, तर पन्नाशीला आलेली ती बाई गिरणा नदीच्या काठावर उघड्यावर आली असती. हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तिनं नानांकडे पाहिलं. "घरमा लेवानं का नई, ते घर जाईसन देखूत," असं म्हणाली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि शिडी चढून गेली.

हत्ती हलला, तशी ती जराशी डुलली, मग ताठ बसली. कॉलेजातली दोन-तीन पोरं तिथं उभी होती. त्यातला एक ओरडला, "अरे बघा, नवरी निघाली!"

"हो रे, नवरीच शे!" वरून खणखणीत उत्तर आलं. "तुनं काय जास?"

गर्दी हसली, पण पोराला हसली. अक्का झाडांच्या फांद्या हातानं बाजूला सारत, एखाद्या संस्थानिकासारखी निघून गेली. नाना लिंबाखाली सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले ते ती उतरेपर्यंत.

 त्या संध्याकाळी खोलीत अक्कानं भाकरी वाढली, नानांनी ताट बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का दिसेना. मामांनी चाळ पालथी घातली. नानांचा चेहरा उतरला. "मुंबईमा कोठे जाई ती?" असं ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. मला एकच जागा सुचली. नाना माझ्याबरोबर निघाले, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

ती तिथंच होती. हत्ती सावलीत उभा होता आणि अक्का एका लाकडी पेटीवर चढून त्याच्या कानामागे तिळाचं तेल चोळत होती. माहूत बाजूला चहा पीत बसला होता. मला म्हणाला, "मी रोज लावतो, तर म्हणते, आज मला लावू दे. ऐकेचना."

ती हत्तीशी बोलत होती. आम्ही मागे उभे आहोत, हे तिला कळलं नव्हतं. तिचं बोलणं मी माझ्या भाषेत सांगतो. ती म्हणत होती, "माझी वरात घोड्यावरून निघाली होती म्हणतात. मी त्यांच्याजवळ बसले होते म्हणतात. पण मला झोप लागली होती हो. जागी झाले तर मामाच्या खांद्यावर. त्यांचं तोंड मी पाहिलंच नाही. सगळ्यांनी पाहिलं, मीच नाही. काल तुमच्या पाठीवर मी कडेला सरकून बसले. म्हटलं, त्यांना जागा असू द्यावी."

हत्तीनं कान हलवला. अक्कानं पुन्हा हातावर तेल घेतलं.

माझ्या खांद्यावरचा नानांचा हात जड झाला. मग तो निघाला. नाना चाचपडत पुढे गेले. अक्का दचकून पेटीवरून उतरली आणि भांडायच्या तयारीनं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अक्का," नाना म्हणाले, "माय म्हने, दादा मनासारखाच व्हता. हाईच नाक, हाईच कपाय. ती माले देखे आन रडे."

 चाळीस वर्षं अक्कानं जो चेहरा धुतला, पुसला, भरवला आणि रागावला, त्या चेहऱ्याकडे ती टक लावून पाहत राहिली. नाना लहान मुलासारखे मान वर करून तसेच उभे राहिले.

"मंग बरं झायं, मी देखंच नई!" अक्का शेवटी म्हणाली.  तिनं तेलाचे हात नानांच्याच उपरण्याला पुसले. "चाल सुक्या. सकायपासून जेवना नही तू."

ट्राममध्ये ती नानांच्या समोरच्या बाकावर बसली. बाहेर सगळी मुंबई चालली होती, पण लालबाग येईपर्यंत तिनं एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.