सापडू नये असं जॅकेट

शनिवारी शूटला येशील का, असं ग्रॅहमने कॉफी मशीनपाशी विचारलं आणि कप भरायच्या आत शशी बेहेरे हो म्हणून बसला. बेसिंगस्टोकच्या त्या ऑफिसातून बॉसबरोबर शिकारीला जाणारा पहिला पुणेकर आपणच, याचा त्याला पार्किंगपर्यंत अभिमान वाटला. गाडीत बसल्यावर भीती वाटली. शशी चिकन आवडीने खात असे, पण ते आधी कुठेतरी हिंडत होतं हा विषय तो टाळत असे.

हो म्हणायला कारणही होतं. नवीन वर्षात ग्रॅहम त्याला बर्मिंगहॅमच्या प्रोजेक्टवर पाठवणार होता, तेही कायमचं. कस्तुरीला इथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत नुकतंच प्रमोशन मिळालं होतं आणि लेकीला, निधीला, एकदाच्या शाळेत मैत्रिणी मिळाल्या होत्या. बर्मिंगहॅम नको, एवढी दोन शब्दांची गोष्ट शशीला बॉससमोर काही केल्या बोलता येत नव्हती.

"शनिवारी दिवसभर बरोबर असणार आम्ही," तो कस्तुरीला म्हणाला. "निवांत विषय काढता येईल."

"ऑफिसात बरोबरच असता की."

"ऑफिसात तो बॉस असतो."

"आणि रानात बंदूक घेतलेला बॉस असेल," कस्तुरी म्हणाली. "ते जाऊ दे. घालणार काय? त्या ऑफिसच्या कोटात कुडकुडशील."

"जॅकेट घेतो ना."

"कसलं घ्यायचं ते ग्रॅहमला विचार आधी."

"विचारलं तर त्याला कळेल ना, मला काही माहीत नाही ते."

म्हणून त्याने मेडनहेडच्या आपल्या मित्राला, रघुवीरला, फोन लावला. रघुवीर आयुष्यात कधी शिकारीला गेला नव्हता, पण एकदा वेल्समधल्या एका डोंगरावर अर्ध्यापर्यंत चढला होता आणि तेव्हापासून थंडी या विषयावर त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

"तू तिथे काय म्हणून जातोयस?" रघुवीरने विचारलं.

"बीटर म्हणून. ग्रॅहम म्हणाला, यू विल बी अ बीटर."

"बीटर म्हणजे मेन माणूस. बीट कोण करतो? जिंकतो तो. आता ऐक. आत थर्मल, त्यावर फ्लीस, ते कुठलंही चालेल. खरा गेम आउटर लेयरचा. शिकारी दिसता कामा नये, त्याचा आवाज येता कामा नये आणि वास येता कामा नये."

"वास?"

"जनावराला मैलावरून वास येतो. तू तर कांदेपोहे खाऊन निघणार."

बीटर म्हणजे हातात काठी घेऊन झाडंझुडपं बडवत जाणारा, पक्षी उठवणारा साधा हाकाऱ्या, हे त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

गावाबाहेरच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी नेमका प्रश्न विचारला. ड्रिव्हन की स्टॉकिंग? म्हणजे हाकारे घालून पक्षी उठवणार, की हरणाच्या मागे दबकत जाणार? शशीला वाटलं, आपल्याला कुणी गाडीने सोडणार आहे का, असं या विचारताहेत.

"ड्रिव्हन नाही," तो म्हणाला. "मी स्वतःच चालवत जाणार आहे."

बाईंनी मान डोलावून त्याला हरणवाल्यांच्या विभागात नेलं. तिथलं जॅकेट म्हणजे रघुवीरचं स्वप्नच होतं. कापड लोकरीसारखं मऊ, हात कितीही हलवला तरी सळसळ नाही. त्यावर वाळक्या पानांची आणि नेच्याची नक्षी. आतून कोळशाचं अस्तर, अंगाचा वास अडवणारं. हूड इतकं जाड आणि खोल की कानांना वारा लागायची बात नको. शशी ते घालून आरशासमोर उभा होता, तेवढ्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने त्याची बाही उलटून किमतीचं लेबल शोधलं. पुतळा हलल्यावर त्याने माफी मागितली.

"झाडासारखा दिसतोयस," कस्तुरी घरी म्हणाली.

"तेच तर," शशी म्हणाला.

शिकार होती मिस्टर पेल्हम यांच्या इस्टेटीवर. पेल्हम हे कंपनीचे सगळ्यात मोठे क्लायंट. जमलेल्या मंडळींच्या अंगावर जुने ट्वीडचे आणि मेणकापडाचे कोट होते, आणि हाकाऱ्यांनी त्यावर भगभगीत नारिंगी बंड्या घातल्या होत्या. इस्टेटीची शिकार सांभाळणारा डेरेक शशीसमोर आला आणि जॅकेटकडे बराच वेळ बघत राहिला.

"आपण फेझंट मारायला चाललोय," तो म्हणाला. "कोंबड्याएवढे पक्षी आहेत. रोज सकाळी मीच त्यांना दाणे घालतो. त्यांच्यापासून लपायची गरज नाही."

त्याने शशीला काठी दिली आणि शिल्लक राहिलेली एक नारिंगी बंडी दिली. बंडी त्या फुगीर जॅकेटवर कशीबशी चढली, पण तिची चेन काही लागली नाही. ओळ सोडू नका, झाडं ठोका, आवाज करत चला, असं डेरेकने सगळ्यांना बजावलं. शशीने तोवर हूड चढवलं होतं. त्याला त्यातलं 'चला' तेवढं ऐकू आलं.

तो चालला, रघुवीरने शिकवल्याप्रमाणे, वाळकं पानही न मोडता. पहिल्याच काटेरी जाळीत बंडी अडकली आणि तिथेच राहिली, त्या जाड जॅकेटात त्याला ते कळलंही नाही. डाव्या-उजव्या बाजूच्या माणसांना ना तो दिसत होता ना ऐकू येत होता, त्यामुळे ते एकमेकांकडे सरकत गेले आणि ओळ शशीला वगळून पुढे निघून गेली. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आसपास कुणीच नाही. लांबून बंदुकांचे बार मात्र येत होते. अशा वेळी हिंडण्यापेक्षा एका जागी बसणं बरं, असा शहाणा विचार करून तो एका झुडपाखाली बसला.

आणि त्याला फार बरं वाटलं. हिवाळ्याच्या त्या सकाळी अख्ख्या हॅम्पशायरमध्ये त्याच्याइतकं ऊबदार कुणी नसेल. हळूहळू बारांना कंटाळलेले फेझंट एकेक करून त्याच्या आजूबाजूला येऊन बसले. त्यातला एक त्याच्या बुटावर बसला. शशीने मनातल्या मनात रघुवीरचे आभार मानले.

तिकडे डेरेकने डोकी मोजली, तर एक कमी. त्याने शिंग फुंकलं आणि बंदुका थांबवल्या. दोघे मागे गेले, तर जाळीत नुसती नारिंगी बंडी लटकत होती. आत माणूस नव्हता. ते बघून पेल्हमसाहेबांचा चेहरा पडला. शशीला फोन केला, तर त्याचा फोन सायलेंटवर, जॅकेटच्या कुठल्याशा खिशात, फ्लीसच्या आणि अस्तराच्या मध्ये मुकाट थरथरत राहिला. शेवटी ग्रॅहमने कस्तुरीला फोन लावला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "शशी जरा सापडत नाहीये. त्याच्या अंगावर नेमकं काय आहे?"

"जॅकेट," कस्तुरी म्हणाली.

"ते कसं दिसतं?"

"दिसत नाही. म्हणून तर घेतलंय."

मग कुत्री सोडली. डेरेकची काळी लॅब्रडोर झुडपापर्यंत आली. शशीच्या गुडघ्याजवळ तिने हुंगलं, कोळशाच्या अस्तराने आपलं काम चोख केलं, आणि ती पुढे निघून गेली. शशीला वाटलं, शिकार ऐन रंगात आलीय. आपण हललो तर सगळ्यांचा घोटाळा होईल. त्याने श्वासही रोखून धरला.

पुढचा अर्धा तास सगळे जंगलभर हाका मारत होते, पण त्या खोल हूडमधून शशीपर्यंत पोचत नव्हत्या. ग्रॅहमही हिंडून हिंडून दमला, गारठला, आणि इकडेतिकडे बघून हळूच एका झुडपाखालच्या ओंडक्यावर बसला. ओंडका "आई गं" म्हणाला.

फेझंट फडफडत उडाले. ग्रॅहम ओरडला नाही, कारण त्याचा आवाजच बसला होता. शशीने हूड मागे केलं.

"सॉरी," तो म्हणाला. "शिकार संपली का?"

"शिकार कधीच थांबलीय. आम्ही तुला शोधतोय."

बर्मिंगहॅम राहिलं बाजूला, आता आपल्याला थेट पुण्याचंच तिकीट मिळणार, असं त्याला वाटलं. तो धडपडत उठायला लागला, तर ग्रॅहमने त्याचा खांदा धरून त्याला खाली बसवलं.

"पाच मिनिटं बस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तू सापडलास की ते पुन्हा सुरू करतील."

"तुला आवडत नाही हे?"

"मला? बारा वर्षं येतोय, पाय कायम ओले. एक पक्षी मारलेला नाही. पेल्हम क्लायंट आहे, म्हणून यायचं." त्याने शशीच्या जॅकेटला हात लावला. "गरम आहे रे हे."

शशीने फ्लीसच्या खिशातली चकलीची पुडी काढली. दोघे शेजारी शेजारी चकल्या खात बसले. लांबवर कुणीतरी शशीच्या नावाने हाका मारत होतं. पाय पसरून बसलेला, नाक लाल झालेला, मिशीला चकलीचा चुरा लागलेला ग्रॅहम बॉस वाटत नव्हता. शशीच्या तोंडून वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"ग्रॅहम, मला बर्मिंगहॅमला जायचं नाहीये."

ग्रॅहम चावायचा थांबला. "मग आधी का नाही बोललास? रिव्ह्यूमध्ये तूच म्हणाला होतास, आय कॅन अ‍ॅडजस्ट एनीव्हेअर. मला वाटलं, तुला इथून सुटायचंय. तुझ्यासाठी म्हणून भांडून मिळवली मी ती पोस्ट."

"आम्ही सगळ्यालाच तसं म्हणतो," शशी म्हणाला. "ते खरं नसतं."

ग्रॅहमने पुडीतली शेवटची चकली घेतली. मग त्याने विचारलं, "बर्मिंगहॅमच्या क्लायंटकडे शिकार असते का?"

"नसावी. त्यांचं ऑफिस बस स्टँडसमोर आहे."

सोमवारी ग्रॅहम हसत हसत शशीच्या डेस्कपाशी आला. वर बोलणं झालं होतं. बर्मिंगहॅमला तो स्वतः जाणार होता आणि इथली त्याची सगळी कामं शशीने बघायची होती. शशीने कस्तुरीला मेसेज केला. तिने लगेच उत्तर पाठवलं की आज स्वयंपाक नाही, बाहेर जेवायचं.

तेवढ्यात डेस्कवरचा फोन वाजला. पेल्हमसाहेब होते.

"अभिनंदन," ते म्हणाले. "ग्रॅहमची सगळी कामं आता तुझ्याकडे, असं कळलं. सीझन संपेपर्यंत दर शनिवारी आठ वाजता यायचं. बंदूक आम्ही देऊ. काहीही घाल, फक्त आम्हाला दिसेल असं घाल."

शशीने ग्रॅहमकडे बघायला मान वळवली. ग्रॅहम जेवायला निघून गेला होता. घड्याळात सकाळचे साडेदहा झाले होते.