बद्रीनाथचा पस्ताना

पंप बसवायचा होता इराकात आणि बद्रीनाथ बसला होता मुकुंदवाडीत, वहाबभाईंच्या ओट्यावर, स्वतःच्या घराकडे तोंड करून. मध्ये फक्त गल्ली होती. ती ओलांडायची मात्र त्याला बंदी होती, आणि ती बंदी कुठल्या सरकारनं नाही, त्याच्या आईनं घातली होती.

त्याचं असं झालं. बद्रीनाथ चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात मेकॅनिक होता, तिथल्या पंपाला बगदादच्या एका दवाखान्याकडून मागणी आली. साल १९९८. इराकवर निर्बंध होते, विमानंसुद्धा तिथं उतरत नव्हती. अम्मानपर्यंत उडायचं आणि पुढं वाळवंटातून मोटारीनं जायचं. पाण्याच्या कामाला मुभा होती, पण आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी परदेशातल्या एका समितीनं मंजूर करायची. सगळं कसं कायदेशीर पाहिजे! यादीत पंप होता, पाने होते, वायसर होते आणि सातव्या ओळीत ‘मेकॅनिक, एक नग’ म्हणून बद्रीनाथ होता.

तिकीट निघालं शुक्रवारचं. बद्रीनाथची आई भागूबाई म्हणाली, “शुक्रवारी पश्चिमेला पाऊल टाकायचं नसतं. बेस्तरवारी पस्ताना ठेवू.”

पस्ताना म्हणजे सोपी युक्ती. मुहूर्त आज आणि गाडी उद्या असेल, तर अंगातल्या एका कपड्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधायचे आणि ते गठुडं जायच्या दिशेच्या एखाद्या घरी ठेवून यायचं. मग माणूस निघाला असं धरतात. भागूबाईनं बद्रीनाथचा कारखान्याचा निळा शर्ट घेतला, त्यात सामान गुंडाळलं, वरून फडकं घालून स्वतःच्या हातानं गाठ मारली आणि पश्चिमेच्या पहिल्या घरी, म्हणजे वहाबभाईंच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं.

त्याच संध्याकाळी एक्स्पोर्टचा क्लार्क रामकिसन सायकल हाणत आला. “बद्रीभाऊ, थांबा. यादी अडकली. पेन्सिलीवर आक्षेप ए.”

“कोन्त्या पेन्सिली?”

“खुणा करायच्या. बारा लिहिल्या होत्या. त्यातल्या शिशाचं तिथं हत्यार तर नाय करणार म्हणून विचारू ऱ्हायले.”

“मंग काढून टाका ना! मी नखानं खुणा करीन.”

“काढायच्या तरी समितीला विचारावं लागतं.”

बद्रीनाथ घरात जायला वळला, तर भागूबाई उंबऱ्यात आडवी उभी. “गठुडं निघालंय. आता तू घरी नाहीस.”

“आई, मी हा इथं उभा ए!”

“निघालेलं माणूस माघारी फिरलं तर वाट तुटती. तुझ्या बापाचा पस्ताना असाच माघारी आणला व्हता. मंग काय झालं, म्हाईत ए ना?”

माहीत होतं. वडील त्या प्रवासाहून परतले नव्हते. बायको आवडाबाईनं ताट झाकून गल्लीपलीकडे पाठवलं आणि बद्रीनाथ वहाबभाईंच्या ओट्यावर जेवला. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं त्याला वाटलं.

सोमवारी तो कारखान्यात गेला, तर त्याचं हजेरीचं कार्डच जागेवर नव्हतं. रामकिसन मान वर न करता म्हणाला, “तुम्ही निघाल्याचा दाखला जोडल्याशिवाय परवानगी येत नाय. कागदावर तुम्ही शुक्रवारीच गेले.”

“मंग मी इथं कोण ए?”

“ते मला नका विचारू. माझ्याकडं फक्त माल बाहेर पाठवायचं काम ए.”

वॉचमननं त्याला फाटकाबाहेर काढलं, तेही अदबीनं, एखाद्या अनोळखी पाहुण्याला काढावं तसं. परत येताना कोपऱ्यावर गल्लीतली म्हातारी दगडाबाई भेटली. तिनं बद्रीनाथला लहानपणी न्हाऊमाखू घातलेलं. ती डोळे बारीक करून पाहत राहिली.

“कोण गावचे म्हनायचे तुम्ही? आमच्या बद्रीवानी दिसता लई.”

“मावशे, मीच बद्री!”

“तो इराकला गेलाय, बाबा,” दगडाबाई समजुतीनं म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली. बद्रीनाथला हसू आलं. ते थोडा वेळ टिकलं, मग भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला.

पाचव्या दिवशी वहाबभाईंची बायको गुलशन ओट्यावर आली. “भाईजान, जरा गठुड्याला हात लावा.”

बद्रीनाथनं हात लावला आणि झटकन मागं घेतला. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं गठुडं तापलं होतं. कोनाडा सावलीचा, भिंत गार. वहाबभाई टोपी सारखी करत म्हणाले, “वाळवंट लागलं वाटतं.”

“वहाबभाई, चेष्टा करू नका.”

“मी कुठं करू ऱ्हायलो? बगदाद शरीफला जाणारी चीज ए. मी तर रोज सलाम करतो त्याला.”

आठव्या दिवशी गठुडं गार पडलं आणि चपटं दिसायला लागलं. तिघांनी ते खाली घेतलं. गाठ भागूबाईचीच होती, कुणी सोडलेली नव्हती. फडक्यावरून चाचपलं, तर आत सुपारी, हळकुंड आणि तांदूळ लागले. शर्ट नव्हता. गुलशननं ते परत कोनाड्यात ठेवलं आणि त्या दिवसापासून ती बद्रीनाथशी बोलताना त्याच्या पायांकडे बघायला लागली, सरळ आहेत की उलटे.

बद्रीनाथ पार खचला. त्यानं गल्लीतूनच हाक मारली, “आई, एक तर मला आत घे, नायतर तिकडं पाठव! मधल्या मधी नको ठेवू!”

आतून भागूबाईचा आवाज आला. ती आवडाबाईला म्हणत होती, “आज लई आठवण येऊ ऱ्हायली बद्रीची. त्याचा आवाज ऐकू आल्यावानी झालं.”

तेव्हा मात्र बद्रीनाथ रडला. चाळीस वर्षांचा बाप्या, दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडला. तो खरंच गेला असता, तर त्याला एवढं परकं वाटलं नसतं.

बाराव्या दिवशी रामकिसन आला. त्याच्या हातात दोन कागद होते आणि चेहरा पांढराफटक.

“परवानगी आली बद्रीभाऊ. पेन्सिलींसकट.”

“आली? चला, मंग मी निघतो!”

“आता नाय जाता येत. हा दुसरा फॅक्स बघा.” रामकिसननं वाचून दाखवलं. पंप परवाच सुरू झाला होता. दवाखान्यानं आभार मानले होते. आपला मेकॅनिक निळ्या शर्टात आला, तो बोलत काहीच नाही, पण काम चोख करतो, आज त्याला परत धाडलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. “एकाच नगाची परवानगी व्हती. तो जाऊन आला.”

“अरे, पण पंप तर अजून...”

“मीबी तेच म्हनलं. गोडाऊन बघितलं. पंप नाय तिथं.”

घरातून गुलशनची किंकाळी आली. कोनाड्यातलं गठुडं पुन्हा फुगलं होतं. फडक्याच्या कडेनं निळी बाही लोंबत होती, घामानं भिजलेली, पिवळ्या बारीक धुळीनं माखलेली.

भागूबाईला कुणी काही सांगितलं नाही, पण ती भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात आलेली होती. “आला का रं?” तिनं बद्रीनाथवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि बारा दिवसांनी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. बद्रीनाथ उंबरा ओलांडून आत आला. आपला पाट, आपली भिंत, आवडाबाईचे भरलेले डोळे! त्याला धाय मोकलावीशी वाटली.

“कसा ए तिकडचा मुलूख?” भागूबाईनं विचारलं.

मी गेलोच नव्हतो, असं तो सांगणार होता. पण तोंड उघडलं आणि दुसरंच बोलणं बाहेर आलं. “दवाखान्याचं आंगण मोठं ए. बायाबापड्या डबे घेऊन रांगंत बसल्या व्हत्या. आधी लाल पाणी आलं, मंग नितळ. एक म्हातारी पुढं आली. तिनं वंजळीत पाणी घेतलं आन् काय तरी पुटपुटत माझ्या डोक्यावर घातलं.”

आपण हे काय सांगतोय, हे कळताच बद्रीनाथनं तोंडावर हात ठेवला. आवडाबाई भिंतीला टेकली. भागूबाईनं मात्र लेकाच्या केसांतून हात फिरवला, हात उजेडात धरून पाहिला आणि पदराचं टोक ओढलं.

“वलं ए अजून,” ती म्हणाली. “पुसून घे, सर्दी व्हईल.”