अनुदानापुरतं लग्न

अर्जाच्या अकराव्या रकान्यापर्यंत गुणाजी म्हात्रे कसेबसे सुखरूप पोचले. अर्ज भरायचा होता ऑनलाइन, पण दीपेशच्या फोटो स्टुडिओतून तो कागदावर छापून आणून ते आधी पेन्सिलीने भरत होते. चुकलं तर खोडरबर हाताशी होतं. ‘कलाप्रकार’ या रकान्यातल्या यादीत तमाशापासून मूकनाट्यापर्यंत सगळं होतं, फक्त धवला नव्हता, म्हणून त्यांनी जीव मुठीत धरून ‘इतर’ निवडलं. ‘नेपथ्य’ म्हणून ‘मांडव’ लिहिलं, मग खोडून ‘आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव’ लिहिलं. अकराव्या रकान्यात मात्र म्हटलं होतं, ‘सादरीकरणाची सलग अर्ध्या तासाची चित्रफीत जोडावी.’

इथे पेन्सिल थांबली.

धवला म्हणजे आगरी लग्नातलं गाणं. हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीचा एकेक धवला, आणि ते म्हणणारी धवलारीण हीच लग्न लावणारी. एके काळी खारेपाटात, खाडीकाठच्या या पट्ट्यात, भटजीवाचून लग्न होई, धवलारणीवाचून होत नसे. आता मांडवात डीजे आला होता आणि आसपासच्या गावांत सगळे धवले पाठ असलेली एकच बाई उरली होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची चंद्राबाई.

वाचनालयातली नोकरी करता करता आणि पुढे निवृत्तीनंतरही गुणाजींनी नऊ वर्षं लग्नालग्नांतून कोपऱ्यात बसून चंद्राबाईंचे धवले वहीत उतरवले होते. कोपऱ्यात वही घेऊन बसलेला माणूस म्हणजे आहेर लिहिणारा, अशी पाहुण्यांची समजूत होई आणि ते पाकिटं गुणाजींच्या हातात देत. ‘मी तो नव्हे’ हे सांगायचा धीर न झाल्यामुळे गुणाजी निमूटपणे आहेरही लिहीत. त्या वह्यांत धवल्यांच्या मधेमधे स्टीलचे डबे आणि भिंतीवरची घड्याळं होती. पण वहीत उतरले ते शब्द. चाल चंद्राबाईंच्या गळ्यात होती, आणि गळा वर्षागणिक बसत चालला होता. अनुदान मिळालं तर सहा महिने वर्ग चालवता येणार होता. गावातल्या दहा मुलींनी नावंही दिली होती. यंदा झालं तर झालं, नाहीतर त्या वह्या कपाटात ठेवून द्यायच्या, हे गुणाजींना स्पष्ट दिसत होतं.

ते चंद्राबाईंकडे गेले.

“चंद्राआय, अर्धा तास गायचंय. दीपेश कॅमेरा लावेल. बस.”

चंद्राबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. “लगीन कोनाचा?”

“लग्न नाही. नुसतं गायचं. सरकारला दाखवायला.”

“नवरी न्हाय, मांडव न्हाय, न धवला कोनाला गावू? तुज्या त्या कंप्युटरला हलद लावू काय?”

“अगं, पण नमुना म्हणून...”

“नमुना म्हनून कोन बालंत व्हतंय काय रं? धवला गायला का लगीन लागला. अर्ध्यात सोरला तर इघ्न येतंय. मना नको तो पाप या वयात.”

त्यांच्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. लग्नाचे मुहूर्त तर दीड महिना पुढे होते आणि अर्जाची मुदत आठ दिवसांनी संपत होती.

घरी येऊन गुणाजींनी पेन्सिल पेटीत ठेवली आणि नेहमीप्रमाणे स्वतःला दोष द्यायला बसले. हे काम आपल्यासारख्याने हाती घ्यायलाच नको होतं. शकूताई भाकरी थापत ऐकत होत्या.

“अहो, आपल्या लग्नात कुठे होते धवले?”

गुणाजींनी वर पाहिलं. खरंच नव्हते. वडील गिरणीत, त्यामुळे लग्न मुंबईला लालबागमध्ये झालेलं. भटजींना पुढच्या लग्नाला जायचं होतं, त्यांनी पाऊण तासात सगळं उरकलं होतं. त्याला एकेचाळीस वर्षं झाली.

“अगं, पण या वयात बोहल्यावर? लोक काय म्हणतील?”

“लोक तुम्हाला नऊ वर्षं आहेर लिहिणारा म्हणतायत. तेव्हा कुठे काय बोललात? अनुदान पाहिजे का नको?”

“पाहिजे.”

“मग हळद लावून घ्या.”

हे ऐकून चंद्राबाईंना आनंद झाला, पण त्याआधी धक्काच बसला. “म्हंजे एकेचालीस वरसं तुमी दोघं तशेच रातव? न पोरं पन झाली!” त्यांनी कपाळाला हात लावला आणि रविवार पक्का केला.

ठरलं होतं असं, की चार माणसांत, परसदारी, गाजावाजा न करता उरकायचं. पण मांडवाच्या डहाळ्या शेजारच्या येसाजीने आणल्या, आणि येसाजीला गोष्ट कळली म्हणजे ग्रामपंचायतीने दवंडी पिटण्याची गरज राहत नसे. रविवारी सकाळी अंगणात दीडशे माणूस होतं. शकूताईंच्या माहेरचा टेम्पो आला होता. कोणीतरी वरातीची घोडी किती वाजता येणार म्हणून विचारत होतं. पाहुण्यांनी सवयीने पाकिटं गुणाजींच्याच हातात दिली, आणि या वेळी ती खरोखर त्यांची होती. हळदीने पिवळे झालेले, मुंडावळ्या बांधलेले गुणाजी मान खाली घालून बसले होते. लाजऱ्या नवऱ्याचं बायकांना फार कौतुक वाटलं.

पण चंद्राबाईंनी पहिला धवला उचलला आणि अंगण गप्प झालं. पाटावर बसल्या बसल्या गुणाजींना उमगलं, की नऊ वर्षं आपण शब्द लिहीत होतो आणि हे ऐकलंच नव्हतं. अर्ध्या तासाच्या जागी दोन तास झाले. शकूताईंनी दोनदा डोळे पुसले. गुणाजींनी एकदाच, मुंडावळ्यांच्या आडून.

दीपेशने चित्रफीत आणून दिली ती मुदतीच्या दिवशी दुपारी दोन वाजता. कामात कसर नको म्हणून तो चार दिवस संगणकापुढे बसला होता. स्टुडिओत सगळे जमले. बाकावर चंद्राबाई, शेजारी गुणाजी आणि शकूताई. गल्ल्यावर दीपेशची बायको रचना.

पडद्यावर आधी बदामाच्या आकारात गुणाजी आले. मग दुसऱ्या बदामात शकूताई. दोन्ही बदाम एकमेकांवर आपटून गुलाबाच्या पाकळ्या उडाल्या. ड्रोनने वरून बांध दाखवला, बांधावरून गुणाजी आणि शकूताई अतिशय सावकाश चालत येत होते. ते खरं तर चप्पल शोधत होते, पण दीपेशने त्यांचा वेग इतका कमी केला होता की ती प्रेमाची चाल वाटत होती. आणि या सगळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदी सिनेमातली गाणी.

“दीपेश,” गुणाजी म्हणाले, “चंद्राआयचा आवाज?”

“काढला ना काका. मागे कोंबडा ओरडत होता, पोरं किंचाळत होती. लग्नाच्या व्हिडिओत मी पहिल्यांदा ओरिजनल आवाजच काढून टाकतो. सतरा वर्षं झाली, एका माणसाची कंप्लेंट नाही.”

“अरे, आवाजासाठीच केलं होतं लग्न!”

“मना दोनदा दाखवलंय,” चंद्राबाई पडद्याकडे बोट करून म्हणाल्या. “दोनी टायमाला मागून.”

“मूळ शूटिंग असेल ना?”

दीपेशने मान खाजवली. “कॉम्प्युटरवर मी आवाज काढूनच घेतो. आणि कार्ड पुसलं, काका. सोमवारी पेणला साखरपुडा होता.”

संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. एरवी अशा वेळी गुणाजी ‘असू दे, असू दे’ म्हणून घरी गेले असते. पण एकेचाळीस वर्षांनी दीडशे लोकांसमोर हळद लावून घेतलेला माणूस पूर्वीइतका सहज घरी जात नाही.

“चंद्राआय, आपण पुन्हा करू. आत्ता.”

“येका जोरप्याचा लगीन दोनदा लावाचा? काय भातुकली हाय?” चंद्राबाई कडाडल्या. “दुसरा जोरपा आन.”

“दुसरं जोडपं सहाच्या आत कुठून आणू?”

“मी तयार आहे,” गल्ल्यावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. रचनाने गल्ल्याला कुलूप लावलं होतं आणि ती उठून उभी राहिली होती.

“आमचं रजिस्टर लग्न आहे. सात वर्षांपूर्वी, अलिबागला, पळून जाऊन. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, सून आणलीय, लग्न व्हायचंय. चंद्राआय, धवल्याने लागलं तर ते पक्कं ना?”

“मोरला तर मना सांग.”

“रचना, अगं, मला चार वाजता पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आहे,” दीपेश म्हणाला.

“सतरा वर्षं लोकांची लग्नं मुकी करत फिरलास. स्वतःच्या लग्नाला गिऱ्हाईक सांगतोस?”

गुणाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी हुकूम सोडला. “दीपेश, शर्ट काढ. हळद लागायचीय.”

पुढचे तीन तास त्यांना पुढे कधीच नीट आठवले नाहीत. अंगणातला मांडव सुकला होता पण उभा होता. शकूताईंनी आपलीच पिवळी साडी रचनाला नेसवली. येसाजीने दीपेशच्या आईला बोलावून आणलं. ती दारातूनच बोलत आली, “माज्या पोराला दिवसाउजेरी फसवतायत!” पण चंद्राबाईंनी वरमाईचा धवला काढला आणि तिचं नाव घेतलं, तशी ती बोलायची थांबली, पदर सावरून पाटाशी जाऊन बसली आणि तिनेच सगळ्यांत जास्त हळद लावली.

प्रश्न होता शूटिंगचा. शूटिंगवाला पाटावर होता.

“काका, लाल बटन दाबा आणि हलू नका!” दीपेश मुंडावळ्यांतून ओरडला. “झूम करू नका! आणि काही झालं तरी...”

“नवऱ्यानी बोलाचा नसतंय,” चंद्राबाई म्हणाल्या.

गुणाजींनी लाल बटण दाबलं. मोबाइल धरून ते चाळीस मिनिटं उभे राहिले. पंधराव्या मिनिटाला हाताला मुंग्या आल्या, विसाव्याला हात आहे की नाही ते कळेना. शकूताईंनी मागून कोपराला आपला खांदा दिला. कोंबडा ओरडला. पोरं किंचाळली. गुणाजी हलले नाहीत.

पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवरदेव स्टुडिओतल्या संगणकापुढे बसला होता. कळफलक पिवळा झाला. “काका, कलाकारांची संख्या?”

“एक.”

“कोंबडा आणि पोरं सोडून?”

“एक लिही रे, वेळ नाही!”

पाच सत्तावन्नला पडद्यावर ‘आपला अर्ज प्राप्त झाला आहे’ अशी हिरवी ओळ आली. गुणाजी मटकन खुर्चीत बसले. बाहेर दीपेशची आई रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगत होती, आज माझ्या पोराचं लग्न झालं.

पुढचा महिना कसाबसा गेला. एकदा शकूताईंनी त्यांना त्या अर्जाची छापील प्रत खोडरबराने पुसताना पकडलं. नेपथ्याचा रकाना त्यांना अजून पटत नव्हता.

फोन आला तो सकाळी दहाला. चंद्राबाई शकूताईंशी बोलत ओट्यावर बसल्या होत्या. गुणाजींना फोन कानाशी धरून ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“गुणाजी म्हात्रे का? अनुदान विभागातून विनेश ठाकूर बोलतोय. अभिनंदन, तुमचा अर्ज अंतिम यादीत आहे. समितीला चित्रफीत फार आवडली. काय आवाज आहे हो त्या बाईंचा! आणि तुमचं ते वातावरण, कोंबडा वगैरे. अगदी अस्सल.”

शकूताईंनी त्यांना कोपराने ढोसलं. “आभारी आहे,” ते म्हणाले.

“फक्त एक औपचारिकता राहिलीय. येत्या बुधवारी अकरा वाजता अलिबागला समितीसमोर प्रत्यक्ष सादरीकरण. अर्धा तास. एकट्या बाई आल्या तरी चालेल, बाकी लवाजमा नको. बाई नुसत्या खुर्चीत बसून गातील.”

ओट्यावरून चंद्राबाईंनी मान हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

गुणाजींनी आपला हिशेब मांडला. आपण दोघं झालो. दीपेश आणि रचना झाली. येसाजी विधुर. गावातली बाकीची जोडपी चंद्राबाईंनीच लावलेली, नाहीतर मुंबईला पांगलेली. मुहूर्त अजून लांब. बुधवार परवा. त्यांनी घसा खाकरला.

“हॅलो? म्हात्रे, आहात ना? काही अडचण?”

“अडचण नाही, साहेब,” गुणाजी म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. “एक विचारू? तुमचं लग्न झालंय?”

“झालंय की. बारा वर्षं झाली.”

“त्यात धवले म्हटले होते?”

“छे हो. हॉलवर होतं, डीजे होता. का?”

गुणाजींनी चंद्राबाईंकडे पाहिलं. चंद्राबाईंनी साहेबांच्या आवाजाचा अंदाज घेतला आणि होकारार्थी डोळे मिटले.

“मग बुधवारी मिसेसना घेऊन या, साहेब,” गुणाजी म्हणाले. “आणि तुम्ही जुना शर्ट घाला. हळदीचा डाग जात नाही.”