उमाटे काकांचं थराचं

उमाटे काकांनी दिलेला ग्लास त्यांच्यासमोरच संपवावा लागे, आणि संपवल्यावर जबानी द्यावी लागे.

जबानी थराथराची. वरून खाली. "छान झालंय काका" एवढ्यावर सुटका नाही. काका दारात उभे राहत, आत येत नसत, बसत नसत, डोळे माझ्या तोंडावर.

"छान नोको सांगू. वरचा थर सांग."

"साय आहे."

"साय हाय ते मलेबी माहीत हाय, म्याच लावली. लागून कशी राह्यली ते सांग."

सकाळचे सव्वानऊ झालेले असायचे. मला पावणेदहाला शाळेत पोचायचं असायचं. एका हातात पर्स, एका हातात काकांचा ग्लास, आणि मी, बावीस वर्षं मुलांना निबंध लिहायला शिकवणारी बाई, सायीचं वर्णन शोधत उभी.

वर्ध्याशेजारच्या बोरगाव मेघेत आमची आणि काकांची भिंत एक. काका एकटेच राहत. सुमनकाकू पुण्याला मुलीकडे, वर्षाकडे गेल्या होत्या. नातू झाला तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या, नातू आता शाळेत जायला लागला होता. काका दोनदा पुण्याला जाऊन आले आणि दोन्ही वेळा आठ दिवसांत परतले. "तिथी लिफ्टमधी लोक एकमेकाच्या चपला पायतात, तोंडं नाई पायत," असं त्यांचं पुण्याबद्दलचं मत होतं.

तर काका एकटे, आणि बुधवारी नि रविवारी ते थराचं करत. कोणी त्याला पुडिंग म्हटलं तर त्यांना राग येई. "पुडिंग कोनाचं नाव हाय? थर लावले, थराचं झालं." सगळ्यात खाली गोरसपाकाचा चुरा. गोरसपाक म्हणजे आमच्या वर्ध्याचं तुपातलं खुसखुशीत बिस्किट. त्यावर टांगलेल्या दह्याचा चक्का साखर घालून, मग संत्र्याच्या किंवा आंब्याच्या फोडी, मग शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा आणि सगळ्यात वर फेटलेली साय. आठ तास फ्रीजमध्ये. ग्लास काचेचाच. मी एकदा स्टीलचे ग्लास देऊ केले तर म्हणाले, "स्टीलमधी थर दिसन काय? मंग लावाचे कायले?"

चमचा सरळ खाली गेला पाहिजे, हा नियम. माझ्या नवऱ्यानं, प्रकाशनं, एकदा बोलता बोलता सगळं ढवळून टाकलं. काकांनी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला. "खिचडी नोय ते." पुढचे दोन बुधवार आमच्याकडे ग्लास आला नाही. त्यानंतर काकांची चाहूल लागली की प्रकाश दाढीचा साबण तोंडाला लावून न्हाणीघरात जाऊन उभा राही. सापडलाच तर एकच उत्तर देई, "नंबर एक!" काका म्हणत, "नंबर एक हा निकाल झाला. मी चव इच्यारून राह्यलो."

उन्हाळ्यात तर मजाच. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये साय फेटायला घेतली की साय राहत नाही, लोणी होतं. म्हणून काका पहाटे पाचला उठून परातीत बर्फ, बर्फात पातेलं, डोक्यावर ओला पंचा, अशी मांडणी करून फेटायला बसत. भिंतीपलीकडून ती टकटक ऐकू आली की आमच्या घरात कळे, आज बुधवार.

काका निवृत्त झाले ते सरकारी दूध योजनेतून. बरीच वर्षं ते रोहण्याकडे संकलन केंद्रावर होते. त्या काळात त्यांचं नाक प्रसिद्ध होतं. कॅनचं झाकण उचलायचे, नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, हे घे, हे परत ने. यंत्र नंतर. सुमनकाकू सांगत की गवळी घाबरून असत, कारण काका नुसतं हुंगून म्हणत, "काल गाईनं कांदा खाल्ला काय रे?" आणि गाईनं खरंच कांद्याची पात खाल्लेली असे. घरीही तेच. भाजी लागायच्या आधी त्यांना आतल्या खोलीत कळे. काकूंचं म्हणणं, अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे रोज परीक्षा.

मला त्यांचं हे सगळं गमतीचं वाटे. शाळेतल्या शिक्षकखोलीत मी काकांची नक्कल करत असे. "खालचा थर सांग" हे वाक्य आमच्याकडे इतकं रुळलं होतं की मुख्याध्यापकांचं भाषण झालं तरी कोणीतरी हळूच म्हणे, "आता खालचा थर सांगा." मी उत्तरंही कशीही ठोकून देत असे. साय ढगासारखी, संत्रं कोवळ्या उन्हासारखं. एकदा अगदीच उशीर झाला होता, काही सुचेना, तर म्हटलं, "आज वेलदोडा मस्त लागतोय काका."

काका थोडे थांबले. "वेलदोडा?"

"हो ना. मागून येतो. गिळल्यावर."

"गिळल्यावर," ते म्हणाले. मान हलवली, रिकामा ग्लास घेतला आणि गेले. त्या दिवशी पुढचे थर त्यांनी विचारलेच नाहीत. मी खूश. शाळेत वेळेवर पोचले.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलाकडची मंडळी केळझरची. घरच्या घरी, अंगणात मांडव टाकून, चाळीस-पन्नास माणसं. काका आपणहून आले आणि म्हणाले, "गोड माह्याकडं." मी म्हटलं, आचारी करतोय काका. तर म्हणाले, "आचारी जिलबी करन. मी चाळीस ग्लास थराचं करतो. पोरगी माह्या अंगाखांद्यावर वाढली."

आदल्या दिवशी दुपारी तीन तास लाईट गेली होती. शेजारची लाईट गेली की आमचीही जाते, म्हणजे मलाही माहीत होतं. पण त्या धावपळीत साय कुणाच्या लक्षात राहणार?

ग्लास आले तेव्हा मांडवातली माणसं पाहत राहिली. चाळीस ग्लास, प्रत्येकात थर पट्टीनं आखल्यासारखे. काकांनी धुवट पांढरा सदरा घातला होता. पहिला ग्लास त्यांनी होणाऱ्या विहीणबाईंच्या हातात दिला आणि सवयीनं समोर उभे राहिले.

विहीणबाईंनी चमचा तोंडात घातला आणि पदर ओठांशी नेला. त्यांनी काही म्हटलं नाही, चांगल्या बाई आहेत. पण मी शेजारीच होते. मी ग्लास घेऊन वास घेतला. गार होतं तोवर दबलेला होता, आता वर आला होता. साखरेनं आंबटपणा झाकला असेल, वास कसा झाकणार? ओलं फडकं दोन दिवस मोरीत पडलं की येतो तसला.

मुलाकडची मंडळी, पहिला प्रसंग, आणि माझ्या घरी नासकं वाढलं गेलं. ते आपल्या अंगावर येऊ नये म्हणून मी जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. मी मोठ्यानं, हसत म्हणाले, "काय काका, साऱ्या तालुक्याचं दूध हुंगलं तुम्ही, अन् आज नाक काय घरी ठेवून आले?"

मांडव हसला. विहीणबाईसुद्धा हसल्या, प्रसंग सावरला.

काकांनी माझ्या हातातून ग्लास घेतला. कॅनचं झाकण नेत असतील तसा नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "हो. गेलं."

आम्हाला वाटलं, सायीबद्दल म्हणताहेत. त्यांनी सगळे ग्लास परातीत भरले. चार फेऱ्या केल्या. कोणी मदतीला उठलं तर "बसा, जेवून घ्या" म्हणाले. स्वतः जेवायला आले नाहीत.

एवढंच असतं तर मी माफी मागून मोकळी झाले असते. पण दोन दिवसांनी सुमनकाकूंचा पुण्याहून फोन आला. साक्षगंध कसं झालं, मुलगा कसा आहे, सगळं झालं. आणि मी, मला बोलायची हौस, मी त्यांना थराच्याचा किस्सा रंगवून सांगितला. "अहो काकू, लांबून वास येत होता, अन् काकांना पत्ताच नाही!"

काकू हसल्या नाहीत.

"पत्ता नाई म्हंजे?"

"म्हणजे काहीच कळलं नाही त्यांना."

"ह्यायले?" काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "कोरोनात ते एकटेच पडून होते वो तिथी. मी फोनवर रोज इच्यारे, वास येते काय, चव येते काय. परत आली म्हणाले होते. गॅस असते ना घरात."

आठ दिवसांत वर्षा आली. तिनं बापाला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक वस्तू नाकाशी धरली. हिंगाची डबी, कापूर, चिरलेला कांदा. वर्षानंच मला हे भिंतीवरून सांगितलं, रडत. काका प्रत्येक वेळी विचार करून उत्तर देत होते. हिंगाला ते चहापत्ती म्हणाले. कापराला म्हणाले, "साबण असन." मग तिनं त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिलं, तर शेगडीच्या नळीला बारीक चीर होती. किती दिवसांची होती कोण जाणे.

त्यानंतर बोलणंच उरलं नाही. वर्षानं दोन दिवसांत सामान आवरलं.

निघायच्या दिवशी सकाळी काका आमच्याकडे आले. पहिल्यांदाच आत आले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी चहा टाकला.

"थंड कळते मले," ते म्हणाले. "मऊ कळते. कुरकुर वाजते ते कळते. गोड-खारट थोडंसं. बाकी जेवण म्हंजे कापूस चावल्यावानी. म्हणून थर लावत होतो मास्तरीण. एकाच घासात चार गोठी होते. अन् उरलेलं तुमच्या तोंडून आयकत होतो."

मी गॅसकडे तोंड करून उभी.

"तू एक दिवस वेलदोडा म्हणाली होती."

"हो."

"वेलदोडा मी टाकतच नाई."

चहा उतू गेला. मी तो पुसत बसले.

"घरी जाऊन डबा पाह्यला, चुकून पडला काय म्हणून. मंग लक्षात आलं, तू अशीच बोलली. पण गिळल्यावर मागून येते म्हणाली ना, ते बराबर हाय. वेलदोडा तसाच येते. मी इसरलो होतो. त्या दिवशी दिवसभर मले वेलदोडा आठवला." चहाची कपबशी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "साक्षगंधाचं जाऊ दे. तोंडातून जाते माणसाच्या. पण सुमनले सांगाले नव्हतं पायजे."

"मला माहीत नव्हतं काका," मी म्हणाले.

हे खरं होतं. पण ही माफी नव्हती, हे त्यांनाही कळलं असणार. त्यांनी चहा संपवला, चांगला झाला म्हणाले, आणि उठले. बाहेर वर्षा गाडीत बसून हॉर्न वाजवत होती.

आता घर बंद आहे. मी दर रविवारी उघडून झाडून घेते. काकांचा फोन महिन्यातून एकदा येतो, पुण्याच्या रस्त्यांना शिव्या देतात. खाण्याचं बोलणं निघत नाही. एकदा सुमनकाकू म्हणाल्या की जेवायला वाढलं की जेवतात, नाही वाढलं तर मागत नाहीत.

गेल्या महिन्यात भर दुपारी, मी शाळेत असताना त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"मास्तरीण, फिनाइल!"

"काय झालं काका?"

"फिनाइलचा वास आला मले. बाई जिना पुसून राह्यली होती, मी खाली चाललो होतो, अन् एकदम आला. दोन पायऱ्या. मंग गेला. तिथीच उभा राह्यलो, पण गेला."

मी म्हटलं, वा काका, सुरुवात झाली म्हणायची. घरी सांगितलं का?

"वर्षा मिटिंगमधी हाय. सुमन पोराले आणाले गेली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर्षा म्हणते, वास यायला लागला तं खुशाल जाजा वर्ध्याले. मी काय म्हणतो, तिले सांगून टाकू काय, पुरा आला म्हणून? हिंग, कापूर, सगळं पाठ हाय मले आता. डब्बीच्या आवाजावरून वळखतो. तू सांग. तू मास्तरीण हाय."

व्हरांड्यात उन्हाची तिरीप होती. समोर मुलं कबड्डी खेळत होती. मला ती चीर पडलेली नळी दिसत होती, आणि बंद घराचं दारही दिसत होतं. हो म्हणावंसं इतकं वाटलं की शब्द तोंडापर्यंत आला.

"नका सांगू काका."

"नोको?"

"नको. वर्षाला खरं तेच सांगा."

पलीकडे लिफ्टचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी बाहेर पडलं, दरवाजा बंद झाला.

"बरं," काका म्हणाले. "तुले वर्गावर जायाचं असन."

मला तास नव्हता. पुढचा अख्खा तास मी मोकळी होते.

"हो काका," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.