किट्टूमामांची मापवही

किट्टूमामा शिंपी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, कमरेकडे बघतात. आमच्या कानडी शहरातल्या अग्रहार आळीतल्या त्यांच्या दुकानात मी ठेवीदार समितीचं पत्रक घेऊन गेलो आणि तावातावानं बोलू लागलो, तर म्हणाले, "पोट आत ओढू नको रे. सरळ उभा राहा. अठ्ठावीस." पत्रक त्यांनी गुंड्या ठेवायला घेतलं.

आमच्या भागातली सहकारी बँक नुकतीच बुडाली होती. नवे कपडे शिवणं लोकांनी थांबवलं. पुढे जेवणही एका वेळेवर आलं, तसे जुनेच कपडे कंबर आत घ्यायला येऊ लागले. मामा वहीत जुन्या मापाशेजारी नवं माप लिहीत. जास्तीचं कापड मात्र कधी कापत नसत, आत दुमडून कच्ची शिवण घालत. "परत सैल करायला येतील की, अल्वा? हो ना?"

मग सरकारनं दिलासा योजना आणली. बँकेच्या चौकशी अधिकाऱ्यांनी तसा अहवाल लिहिला आणि टीव्हीवर म्हणाले, धक्का ओसरला, उपाय लागू पडला. मी संतापलो. मामा सुईत दोरा ओवत होते. "पोट फुगवून बोलतोय नोड, बघ तू. ओसरला, तर उसवायला एक तरी आला का?"

एकही आला नव्हता. सहा पत्रकं छापून मला जे सांगता आलं नाही, ते या माणसानं टेपनं मोजून ठेवलं होतं. अहवालावरच्या सुनावणीत ही वही दाखवली नाही तर अहवाल मंजूर, फाइल बंद. मी वही मागितली.

"लोकांच्या कमरा आहेत त्या. शिंप्यानं चारचौघांत सांगायच्या नसतात."

मी त्यांना तोंडावर भित्रा म्हणालो. "हौदू, भित्राच," म्हणाले आणि माझ्यासाठी कॉफी मागवली. रोज मागवत. स्वतः घेत नसत. पित्त होतं म्हणे.

सुनावणीच्या सकाळी त्यांनी वही हातात दिली. प्रत्येक नावावर कापडाची पट्टी बारीक टाक्यांनी शिवलेली. "नावं नकोत. इंच बघू देत त्यांना."

कचेरीच्या बाकावर मी पानं उलटत बसलो. कुणाचा दीड इंच गेलेला, कुणाचे दोन. शेवटच्या पानावर एकच नाव उघडं होतं, मामांचं स्वतःचं. चौतीस. बत्तीस. तीस. साडेअठ्ठावीस. त्यांचीही ठेव त्याच बँकेत होती, हे ते कधी बोलले नव्हते. ते हल्ली सदरा बाहेर सोडतात, एवढंच मी पाहिलं होतं. आणि जनतेचे हाल आम्हाला दिसतात, असं मी छापत होतो.

अधिकाऱ्यांनी चार पानं चाळली, "शिंप्याची वही पुरावा होत नाही" म्हणाले. अहवाल मंजूर झाला.

मी वही परत नेऊन दिली. मामांनी ती फळीवर ठेवली. कॉफी मागवली, एकच. मी कप त्यांच्यापुढे सरकवला.

"पित्त होतं रे."

"पोट आत ओढू नका, मामा."

त्यांनी हातातली सुई उशीत टोचून ठेवली. मग कप दोन्ही हातांनी उचलला.