सुखदेवभाऊ आणि काळा पडदा

सुखदेवभाऊ गणवीर माणसांना 'तू' म्हणत आणि यंत्रांना 'तुम्ही'.

पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्सचे लॅब अटेंडंट होते. मी त्याच लॅबमध्ये त्यांच्या नजरेखाली शिकलो आणि पुढे तिथंच लेक्चरर झालो. त्यांच्या लेखी माझी बढती 'तू'वरून 'सर, तू' इथवरच झाली. "सर, तू बाजूले हो, उजेड अडून राहिला." प्राचार्य बाहेरगावचे आणि कडक. त्यांच्याशी बोलताना भाऊ माणूस गाळूनच वाक्य करत. "चहा आणायचा आहे काय?" यात तूही नाही, तुम्हीही नाही.

छताचा पंखा मात्र 'तुम्ही'. "थांबा आता जरा, सकाळपासून फिरून राहिले." व्हॅक्यूम पंपाला तर ते पंपसाहेब म्हणत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "माणूस रागावला त उद्या मानते. मशीन रागावलं त नागपूरले न्यावं लागते."

कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्याचं चित्र काढायचं, हा त्यांचा दुसरा नेम. कोणता स्क्रू कुठे, कोणती वायर कोणत्या रंगाची, सगळं वहीत. एकदा आम्ही सौंसरहून परत येत होतो आणि बस वाटेत संत्र्यांच्या बागांमध्ये बंद पडली. ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून वायरी उपसायला लागला. भाऊंनी त्याचा हात धरला. "आधी चित्र काढ." ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. शेवटी भाऊंनी स्वतःच तिकिटाच्या पाठीवर चित्र काढलं. लोक कुरकुरले, एक म्हातारी तर पायी निघाली. पण बस पाऊण तासात सुरू झाली आणि ती म्हातारी आम्हाला पुढच्या वळणावर भेटली.

ऐंशीचं दशक संपता संपता आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला. गावाला त्याचा एवढा अभिमान की लोक लग्नाला आलेल्या पाहुण्यांना तो दाखवायला आणत. खोलीला पडदे लागले, खाली गालिचा आला, चपला बाहेर. नागपूरच्या इंजिनिअरनं दिवसभर बसून मशीन लावून दिलं. भाऊ त्याच्या पाठीमागे स्टुलावर बसून पडद्यावरचं एकेक अक्षर वहीत उतरवत होते. सुरुवातीला सेटिंगचं एक पान दिसे, ते तर त्यांनी चौकटीसकट उतरवलं. इंजिनिअर हसला. म्हणाला, "काका, याची गरज पडणार नाही." भाऊ त्याला म्हणाले, "तू तुहं काम कर ना."

पुढे जे घडलं, ते माझ्यामुळे घडलं.

भोपाळहून एक अधिकारी कॉम्प्युटर बघायला यायचे होते. मशीन वापरात नसेल तर ते दुसऱ्या कॉलेजला देण्यात येईल, असं पत्रातच लिहिलेलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी एकटाच सराव करत होतो. मशीन सुरू होताना एक बटण दाबलं की सेटिंगचं ते पान उघडतं, हे मला ठाऊक होतं. पानावर पडद्याच्या प्रकारापुढे 'मोनो', म्हणजे एकरंगी, असं लिहिलेलं दिसलं. त्याच महिन्यात आमच्या शेजारी कलर टीव्ही आला होता. मला वाटलं, शेजाऱ्याकडे कलर आणि कॉलेजात मोनो, हे बरं नाही. मी 'कलर' केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पडदा काळा. मी बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळाच. ते सेटिंगचं पान परत आणावं, तर तेही दिसायला पडदा लागतो. तीन वाजून गेले होते.

मी भाऊंना बोलावलं. म्हणालो, "भाऊ, हे आपोआप बंद पडलं."

भाऊंनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले, पुसले, आणि मशीनसमोर बसले. "काय होऊन राहिलं तुमाले?" मग त्यांनी आधी बाहेरचं सगळं पाहिलं. पडद्याचा दिवा लागतो का, मागची वायर घट्ट आहे का, उजेडाचं बटण कोणी कमी तर केलं नाही. मग डबा उघडला, अर्थात चित्र काढून. पडद्याचं कार्ड बाहेर काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले आणि परत बसवलं. पडदा काळाच राहिला.

मग त्यांनी कान लावला. "पंखा फिरून राहिला. डिस्कचा लाल दिवाही लुकलुकून राहिला. म्हणजे हे जिवंत आहेत. फक्त तोंड दाखवून नाही राहिले." माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तू काय दाबलं?"

"काही नाही."

"मशीन खोटं बोलत नाही. तू बोलून राहिला. मले खरं नाही सांगितलं त मी कुठं शोधू?"

मी सांगितलं. मोनो, कलर, शेजाऱ्याचा टीव्ही, सगळं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "लाइट गेल्यावर यायच्यातली तारीख बदलते काय?"

"नाही."

"मंग लाइट नसताना यायले तारीख कोण सांगते?"

हा प्रश्न फिजिक्सच्या लेक्चररला सुचायला हवा होता. भाऊ टॉर्च घेऊन डब्यात वाकले. एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खोक्यात चार पेन्सिल सेल होते, दोन वायरींनी बोर्डाला जोडलेले. "हे पाह्य. यायची आठवण इथं आहे. तू जे शिकवलं, तेही इथंच." त्यांनी मशीन बंद केलं, सेलांची वायर काढली आणि शांतपणे बसून राहिले. किती वेळ थांबायचं, ते दोघांनाही माहीत नव्हतं. इटारसीकडे जाणारी मालगाडी आली, सगळे डबे धडधडत गेले. "आता विसरले असतील," भाऊ म्हणाले आणि वायर जोडली.

बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. सेटिंग हरवली आहे, अशी इंग्रजीत तक्रार होती आणि तारीख होती एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. पण डिस्क ओळखू येत नव्हती, कारण तिच्या प्रकाराचा नंबरही पुसला गेला होता. तो नंबर नागपूरच्या इंजिनिअरला माहीत होता आणि भाऊंच्या वहीला. त्यांनी पान उघडलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "सतरा." मी सतरा टाकले. पडद्यापुढे मोनो. मशीन नेहमीसारखं सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला काळ्यावर हिरवी अक्षरं सुंदर वाटली.

तेवढ्यात प्राचार्य दारात आले. उघडा डबा बघून त्यांचा आवाज चढला. "कोणी हात लावला याला?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी भाऊ बोलले. "माह्या हातानं झालं. पुसताना धक्का लागला. आता सुरू आहे."

आणि मी तोंड मिटलं. आजही ते सांगताना मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, मशीन बघून खूश झाले. त्यांनी माझी पाठ थोपटली, मशीन कॉलेजातच राहिलं. त्याच संध्याकाळी भाऊंच्या हातात लेखी समज पडली. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली.

मी त्यांच्या घरी गेलो. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. मी म्हणालो, "भाऊ, उद्या मी प्राचार्यांना खरं सांगणार. तुम्ही असं का केलं?"

ते स्टोव्ह पेटवत होते. ज्योत निळी होईपर्यंत त्यांनी पंप मारला. मग म्हणाले, "माही वंदना नववीत होती. तिनं घरचा रेडिओ खोलला. चित्र नाही काढलं. बिघडला. मी तिले चार लोकांसमोर लय बोललो. रेडिओ मी दोन घंट्यात नीट केला." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "तिचे हात माह्यापेक्षा हलके होते, सर. पण तिनं मंग कशालेच हात नाही लावला. आता सासरी आमल्याले आहे, घरचा रेडिओसुदिक जावईच लावते. तू लेकरायले शिकवते. तुह्या हातातला दम जाऊ द्यायचा नव्हता मले."

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. माझ्यावर ते खूप चिडले. समजेचा कागद मात्र त्यांनी फाडला, आणि भाऊंची वही मागवून घेऊन अर्धा तास चाळली. परत देताना म्हणाले, "गणवीर, हे सगळ्या मुलांना दाखवा." भाऊ नुसते "हो" म्हणाले. पण त्या दिवशी चहा आणताना ते शीळ घालत होते.

उन्हाळ्यात वंदना माहेरी आली. भाऊ एका दुपारी तिला पॅसेंजरवरून उतरवून थेट कॉलेजातच घेऊन आले, पिशव्यांसकट. ती दाराशी चपला काढून उभी राहिली, दोन्ही हात पदरात. भाऊंनी तिच्यासाठी स्टूल ओढलं.

"बस. चालू कर."

"बाबा, तुम्हीच करा ना."

"मी रोजच करतो."

"बिघडलं त?"

"बिघडू दे. आपण दोघं मिळून नीट करू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. मग खटका दाबल्याचा आवाज आला, पंखा फिरू लागला. मी वळलो तेव्हा वंदना पडद्याच्या अगदी जवळ झुकली होती आणि विचारत होती, "बाबा, हा लाल दिवा काहून लुकलुकून राहिला?"

भाऊंनी स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि शेजारी वहीचं कोरं पान उघडून ठेवलं.